गावरच्या टेकड्या आणि माळरानं: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं एका जागी

वेल्समध्ये स्वान्सीच्या पश्चिमेला समुद्रात घुसलेला जो जमिनीचा तुकडा आहे ना, तो गावर. आपली बरीच मंडळी तिथं जाऊन आलेली असतात, पण विचारलं काय बघितलं तर उत्तर एकच, रोसिलीचा बीच. गाडी पार्क करायची, कड्यावरून फोटो काढायचा, चिप्स खायच्या, परत. आणि त्या बीचच्या मागे उभी असलेली अख्खी टेकडी, तिच्यावरची माळरानं, घोडे, पाच-सहा हजार वर्षांपूर्वीची दगडी थडगी हे सगळं तसंच राहून जातं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण माझ्या मते गावर बघायचा तो वरूनच. मी स्वान्सीला शिकायला आले आणि इथेच राहिले, घरचे आणि मित्रमंडळी येतात तेव्हा त्यांना घेऊन जाते, आणि दर वेळी तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय.

१. आधी जागा समजून घ्या

गावर तसा छोटाच आहे. १९५६ साली ब्रिटनमध्ये पहिल्यांदा एखाद्या प्रदेशाला विशेष निसर्गसौंदर्याचं क्षेत्र म्हणून संरक्षण मिळालं, तो हा. दक्षिणेला चुनखडीचे कडे आणि बीच, उत्तरेला खाडी आणि खारट गवताच्या पाणथळ जमिनी, आणि मधोमध केव्हन ब्रिनची लांबलचक डोंगरसोंड. पश्चिम टोकाला रोसिली डाऊन, हार्डिंग्ज डाऊन आणि लॅनमॅडक हिल या तीन टेकड्या. स्वान्सीच्या बाजूने येताना लागतात ती फेअरवुड, पेनग्वर्न वगैरे सपाट, ओलसर माळरानं.

आता शेजारी एवढी चांगली शेती असताना ही माळरानं तशीच का राहिली, तर कारण खडकात आहे. टेकड्या जुन्या लाल वालुकाश्माच्या, त्यावरची माती आम्लधर्मी आणि निकस, तिथं पीक येत नाही, हेदर (जांभळ्या फुलांचं बुटकं झुडूप), गोर्स (पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप), ब्रॅकनची नेचे आणि राठ गवतच उगवतं. म्हणून शेकडो वर्षं ती जमीन चराईला ठेवली गेली, म्हणजे आपल्याकडच्या गायरानासारखीच, फक्त इथं चराईचा हक्क ठराविक शेतांना जोडलेला असतो आणि त्याची कायदेशीर नोंद असते. हे आधीच डोक्यात असलेलं बरं. तुम्ही फिरायला जाताय ती कुणाची तरी रोजच्या कामाची जागा आहे.

२. भारतातून कोणी येणार असेल तर व्हिसा

वेल्ससाठी वेगळा व्हिसा लागत नाही, यूकेचा स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसाच चालतो, एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी अर्ज करता येतो आणि बोटांचे ठसे दिल्यानंतर साधारण तीन आठवडे लागतात, सुट्ट्यांच्या मोसमात जास्तच धरा. फी अधूनमधून बदलते, ती सरकारी साइटवरच बघा. कागद साधारण हे:

- पासपोर्ट, जुने असतील तर तेही
- गेल्या काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट, आयकर रिटर्न
- नोकरी असेल तर रजेचं पत्र आणि पगाराच्या स्लिप, रिटायर असतील तर पेन्शनचे कागद
- तुम्ही इथून देणार ते निमंत्रणपत्र, तुमच्या राहण्याच्या परवानगीचा पुरावा, घराचा पत्ता
- साधारण कुठे कुठे फिरणार त्याचा आराखडा

इथे एक गोष्ट हमखास राहते. सातबारा, ग्रामपंचायतीचे दाखले, काही वेळा पेन्शनचे कागदही मराठीत असतात, ते तसेच जोडून चालत नाही, प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत लागतं. आणि खात्यात अर्जाच्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम आणून ठेवू नका, ती कुठून आली हे दाखवता आलं नाही तर तेवढ्यावरूनही अर्ज नाकारला जातो.

३. कधी जायचं

मला विचाराल तर ऑगस्टचा शेवट. तेव्हा रोसिली डाऊनवर जांभळं हेदर आणि बुटकं पिवळं गोर्स एकाच वेळी फुललेलं असतं, आपल्याकडे कासला सप्टेंबरात गर्दी होते ना, तसंच काहीसं दृश्य पण इथं वर माणसं फारशी नसतात. अडचण एवढीच की त्याच दिवसांत ब्रॅकन छातीपर्यंत वाढलेलं असतं आणि छोट्या पायवाटा त्यात गायब होतात. एप्रिल-मे सुद्धा सुंदर, मोठं गोर्स पिवळंधमक, डोक्यावर चंडोल गात असतात. जुन्या वस्तीच्या खुणा, मातीचे तट, दगडांच्या राशी यात रस असेल तर उलट हिवाळा बरा, नेचे मरून आडवी झाल्यावर जमिनीचा आकार नीट दिसतो. मात्र डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो हे धरून चाला, दुपारी दोनला टेकडी चढायला सुरुवात करायची नाही. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो.

४. पोहोचायचं कसं

लंडन पॅडिंग्टनहून स्वान्सीला थेट ट्रेन आहे, साधारण तीन तास, कार्डिफहून तासाभरात. स्टेशनवर पाटी अबरटावे अशी दिसली तर गोंधळू नका, ते स्वान्सीचंच वेल्श नाव. तिथून बस स्टेशनला चालत जाता येतं आणि रोसिलीला, रेनल्डस्टनला, लॅनमॅडकला बस मिळतात. रोसिलीची बस साधारण तासभर घेते. पण बस कमी आहेत, रविवारी आणि हिवाळ्यात आणखी कमी, म्हणून ट्रॅव्हलाइन कमरीच्या (वेल्समधल्या बस-ट्रेनच्या वेळा देणारी सेवा) ॲपवर आदल्या रात्री वेळा बघा, आणि जायच्या बसपेक्षा परतीची शेवटची बस आधी लिहून घ्या. ती चुकली तर टॅक्सी लांब स्वान्सीहून बोलवावी लागते आणि फोनला रेंज असेलच असं नाही.

गाडीने जाणार असाल तर, भारतातलं लायसन्स असेल तर आल्यापासून १२ महिने ते चालतं. गाड्या डावीकडूनच चालतात त्यामुळे आपल्याला सोपं. सप्टेंबर २०२३ पासून वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे, इंग्लंडहून येणाऱ्यांना हे लक्षात राहत नाही आणि दंडाचं पत्र घरी येतं. गावरमध्ये काही रस्ते एकच गाडी जाईल इतके अरुंद, समोरून कोणी आलं तर जवळच्या रुंद जागेत थांबायचं किंवा मागे घ्यायचं, हात वर करून आभार मानायचे. रिव्हर्सची भीती वाटते त्यांनी आधी मोकळ्या जागी सराव करून यावं.

आणि माळरानावरच्या रस्त्याला कुंपण नसतं. गाई, मेंढ्या, घोडे रस्त्यात उभे असतात, रात्री मेंढ्या चक्क डांबरावर बसतात आणि काळा घोडा अंधारात अजिबात दिसत नाही. रस्त्यात लोखंडी नळ्यांची जाळी लागली, चाकं खडखडली, की समजायचं आपण गायरानात शिरलो, तिथून पुढे वेग कमी म्हणजे कमीच.

५. सामान

टेकडीची उंची ऐकून लोक तयारीच करत नाहीत. गावरचा सगळ्यात उंच माथा रोसिली डाऊनवर आहे आणि तो फक्त १९३ मीटर. सिंहगड चढलेल्या माणसाला हे ऐकून काहीच वाटत नाही. पण समोर थेट अटलांटिकवरून येणारा वारा आहे, आडोसा शून्य, आणि ऊन, पाऊस, धुकं एका दुपारी तिन्ही येऊ शकतात. तर हे घ्याच:

- घोट्याला आधार देणारे, पाणी न शिरणारे बूट. साध्या स्पोर्ट्स शूजने ओल्या गवतावर पाय सटकतो
- वारा आणि पाऊस दोन्ही अडवणारं जॅकेट, टोपीसकट. छत्री घरी ठेवा, वर ती उघडतच नाही, उघडली तर टिकत नाही
- लोकरी किंवा फ्लीसचा एक थर, जुलैतसुद्धा
- लवकर वाळणारी पँट. जीन्स भिजली की जड आणि गार होते, दिवसभर वाळत नाही
- जाड मोज्यांचा एक जादा जोड
- पाणी, खाणं, थर्मासमध्ये चहा. वर काही मिळत नाही
- पॉवर बँक, शिट्टी, छोटा टॉर्च
- गोचीड काढायचा चिमटा, हे का ते खाली सांगते

साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून येणाऱ्या आई, मावशी, काकूंना मी आत थर्मल आणि वरून मोठं जॅकेट देते, पण बुटांच्या बाबतीत तडजोड करू देत नाही.

६. नकाशा

ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर १६४ हा नकाशा पूर्ण गावरचा आहे. कागदी घ्या किंवा त्यांच्या ॲपमध्ये आधीच डाउनलोड करून ठेवा. नेहमीच्या मॅप ॲपवर माळरान म्हणजे नुसता हिरवा डाग, पायवाट कुठली आणि मेंढ्यांची वाट कुठली कळत नाही. मेंढ्यांच्या वाटा फार फसव्या, छान मळलेल्या दिसतात आणि गोर्सच्या काट्यात नेऊन सोडतात. २००० सालच्या कायद्यामुळे नोंदलेल्या सामाईक जमिनींवर वाट सोडूनही पायी फिरायचा हक्क आहे, नकाशावर असा भाग पिवळसर रंगाचा दाखवतात. हा हक्क पायी चालणाऱ्यांचा, गाडी माळावर चढवायचा नाही.

७. पहिला दिवस सोपा ठेवा: केव्हन ब्रिन

रेनल्डस्टन गावातून वर जाणारा रस्ता डोंगरसोंडेच्या माथ्यावरूनच पलीकडे उतरतो आणि माथ्यावर गाडी लावायला जागा आहे, म्हणजे चढ जवळपास नाहीच. तिथून आर्थरचा दगड दहा-पंधरा मिनिटांवर. वेल्शमध्ये त्याला माईन केटी म्हणतात. हे नवाश्मयुगातलं थडगं आहे, खाली छोटे दगड आणि वर साधारण २५ टनांची शिळा, तिचा एक मोठा तुकडा फुटून बाजूला पडलाय. कथा अशी की आर्थर राजाला चालताना बुटात खडा टोचला, त्याने तो काढून खाडीपलीकडे भिरकावला, आणि तोच इथं येऊन पडला. १८८२ साली ब्रिटनमध्ये प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा पहिला कायदा आला, त्या पहिल्या यादीतच हा दगड होता. त्याच्यावर चढून फोटो काढू नका, कृपा करून. मुलांनाही चढवू नका.

दगडापाशी उभं राहिलं की उत्तरेला अख्खी लोखर खाडी आणि तिच्या काठची खारट कुरणं दिसतात, आणि पाठीमागे थोडं चढून गेलं की दक्षिणेला ब्रिस्टल चॅनल, हवा स्वच्छ असेल तर पलीकडचा डेव्हनचा किनारासुद्धा. इतक्या कमी चालण्यात दोन्ही समुद्र दाखवणारी दुसरी जागा मला गावरमध्ये माहीत नाही, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांना मी सगळ्यात आधी इथं आणते. फक्त वाट पावसानंतर चिखलाची होते.

पाय चांगले असतील तर मग त्याच सोंडेवरून आग्नेयेला पेनमाइनपर्यंत चालत जा, गावर वे नावाची लांब पल्ल्याची वाट या माथ्यावरून जाते. रुंद गवताळ रस्ता, दोन्हीकडे उतार, मधूनमधून घोडे. खाली उतरलात की थ्री क्लिफ्स बे जवळच. रेनल्डस्टनहून सोंड ओलांडणाऱ्या त्या रस्त्याच्या उत्तर अंगाला ब्रॉड पूल नावाचं उथळ तळं आहे, तिथं जनावरं पाणी प्यायला येतात, गाडी थांबवून पाच मिनिटं बघण्यासारखं.

८. दुसरा दिवस: रोसिली डाऊन

रोसिली गावात नॅशनल ट्रस्टचा (निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणारी संस्था) कार पार्क आहे, मेंबर असाल तर पार्किंग फुकट. टॉयलेट इथंच, वर नाही, तेव्हा आधी उरकून घ्या. सेंट मेरी चर्चच्या बाजूने वाट निघते, फाटक ओलांडलं की लगेच चढ, आणि हा पहिला तुकडाच सगळ्यात खडा. लोक इथंच दमून परत फिरतात. हळूहळू चढा, थांबत थांबत, वीसेक मिनिटांत माथ्याची सोंड लागते आणि पुढे सगळं जवळपास सपाट.

चढताना एकदा मागे वळून बघाच. गावापलीकडे टोकाच्या बाजूला शेताचे लांब अरुंद पट्टे दिसतील, त्याला द व्हाईल म्हणतात, मध्ययुगातली पट्ट्यापट्ट्यांची शेती त्याच आखणीत आजही टिकलेली. टेकडीवर गायरान आणि खाली वाटून घेतलेले पट्टे, गाव जगत कसं होतं ते एका नजरेत कळतं. बीचवरून हे दिसत नाही.

माथ्यावर बीकन नावाची जागा, तिथं मोजणीचा सिमेंटचा खांब. डावीकडे खाली तीन मैल लांब वाळू आणि समुद्र, उजवीकडे शेतं. ओहोटी असेल तर वाळूत १८८७ साली फुटलेल्या हेल्व्हेशिया जहाजाच्या लाकडी फासळ्याही दिसतात. मग सोंडेवरून उत्तरेकडे चालत राहा. पूर्वेच्या उतारावर, म्हणजे समुद्राच्या उलट्या बाजूला, स्वाइन्स हाउझ ही दोन नवाश्मयुगीन थडगी आहेत, ढासळलेली, ब्रॅकन वाढलं की शोधावी लागतात, नकाशा इथं कामाला येतो. उत्तर टोकाकडे काँक्रीटचे चौथरे दिसतील, ते दुसऱ्या महायुद्धातल्या रडार केंद्राचे अवशेष. म्हणजे एका टेकडीवर थडगी, कांस्ययुगातल्या दगडांच्या राशी, रडार, आणि आजच्या मेंढ्या. मी इतिहासाची विद्यार्थिनी नाही तरी दर वेळी तिथं बराच वेळ रेंगाळते.

उत्तर टोकाला वाट हिलएंडकडे उतरते. परतीला दोन पर्याय, टेकडीच्या पायथ्याची वाट किंवा ओहोटी असेल तर वाळूवरून. पूर्ण फेरी साधारण पाच मैल, थांबत गेलात तर तीन-साडेतीन तास. वाळूवरून आलात तर शेवटी गावात चढायला भरपूर पायऱ्या आहेत, मोठ्यांना हे आधी सांगून ठेवा.

धुकं आलं तर सोंडेवरच्या रुंद वाटेवर राहा, पश्चिमेकडे उतरायचा प्रयत्न करू नका, तो उतार फार खडा आहे.

९. टेकडीवर काय काय फसवतं

दलदल. सपाट माळरानावर, विशेषतः फेअरवुडच्या बाजूला, जमीन कोरडी दिसते आणि पाय नडगीपर्यंत जातो. चमकदार हिरवं शेवाळ किंवा लव्हाळ्याचे झुबके दिसले की तिथं पाणी आहे, वळसा घाला.

गोचीड. ब्रॅकनमधून आणि उंच गवतातून चालल्यावर चिकटते, आणि काहींमुळे लाइम नावाचा आजार होतो. पँट मोज्यात खोचा, संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेपाशी बघा, मुलांच्या केसांच्या कडेलाही. दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, तेल, मीठ, काडी लावणं असले उपाय नकोत. पुढच्या काही आठवड्यांत गोल पसरणारा लाल चट्टा आला किंवा ताप वाटला तर जीपीला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, सांगा की गोचीड चावली होती.

साप एकच विषारी, ॲडर, घोणसाच्या कुळातला पण त्या मानाने सौम्य. उन्हात वाटेवर पडलेला असतो, त्याला जागा द्या, तो जातो. चावलाच तर हालचाल कमी करून लगेच दवाखाना.

१०. गायरानाचे नियम

घोडे जंगली नाहीत, त्यांना मालक आहेत. खाऊ घालू नका, ब्रेड-गाजर काहीही नाही, त्याने ते रस्त्यावर गाड्यांजवळ यायला शिकतात आणि मग अपघातात मरतात. वासरू किंवा शिंगरू आणि त्याची आई यांच्या मधे जाऊ नका. फाटक जसं सापडलं तसंच ठेवा, उघडं तर उघडं, बंद तर बंद. कुत्रा असेल तर १ मार्च ते ३१ जुलै आखूड पट्ट्यात ठेवायचा असा नियम आहे कारण पक्षी जमिनीवर घरटी करतात. आपल्या गप्पीदासाचा जवळचा नातेवाईक इथं गोर्सच्या शेंड्यावर बसून टिकटिक करत असतो, त्याचंही घरटं खालीच असतं.

बार्बेक्यू, शेकोटी, सिगारेटचं थोटूक, काही नको, गोर्स हिरवं असतानाही पेट घेतं. तंबू टाकायला जमीनमालकाची परवानगी लागते. ड्रोन आणणाऱ्यांनी विशेष लक्ष द्या, नॅशनल ट्रस्टच्या जमिनीवरून परवानगीशिवाय उडवता येत नाही आणि रोसिली डाऊन त्यांच्याच ताब्यात आहे. प्रीवेडिंग शूटसाठी आलेल्यांचा बेत यातच फिसकटतो.

११. वर्म्स हेड

रोसिलीला गेलात की समोर समुद्रात ड्रॅगनसारखं पसरलेलं हे बेट खुणावतंच. तिथं जायची खडकाळ वाट फक्त ओहोटीच्या आधी आणि नंतर साधारण अडीच-अडीच तास उघडी असते. इथल्या भरती-ओहोटीतला फरक जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी, पाणी फार झपाट्याने येतं. उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं पण छापील तक्त्यात बरेचदा ग्रिनिच वेळ असते, तो तास मिळवायला लोक विसरतात आणि अडकतात. टोकावरच्या कोस्टवॉचच्या (किनाऱ्यावर नजर ठेवणारे स्वयंसेवक) ठाण्याजवळ त्या दिवसाची वेळ लिहिलेली असते, ती वाचून मगच उतरा. अडकलात तर पोहायचा किंवा पाण्यातून चालायचा प्रयत्न अजिबात करू नका, बेटावरच थांबा. वयस्कर मंडळींना आणि लहान मुलांना मी तिकडे नेतच नाही, खडक फार निसरडे आहेत.

१२. खाण्याचं

शाकाहारी असाल तर दोन-तीन ठिकाणी विचारून घ्या. लेव्हरब्रेड म्हणजे ब्रेड नव्हे, ते शिजवलेलं समुद्री शेवाळ, पण बरेचदा बेकनच्या चरबीत तळतात. वेल्श रेअरबिट म्हणजे चीज-टोस्ट, पण त्यातल्या वुस्टर सॉसमध्ये मासे असतात. वेल्श केक्समध्ये अंडं असतं आणि कधी डुकराची चरबीही. मासे खाणाऱ्यांनी उत्तर किनाऱ्यावरच्या पेनक्लॉडचे कॉकल्स जरूर खावेत, तिसऱ्या आवडणाऱ्यांना ते आवडतातच. बाकी टेकडीवर धपाटे आणि चटणी, याला तोड नाही, वाऱ्यात हात गार पडले तरी खाता येतात. कचरा पिशवीत भरून परत आणा.

१३. अडचण आली तर

टेकडीवर असाल तर ९९९ हा आणीबाणीचा नंबर लावा, आधी पोलीस मागा आणि त्यांना माउंटन रेस्क्यू हवं म्हणून सांगा. समुद्राकाठी असाल तर कोस्टगार्ड मागा. जागा सांगण्यासाठी ओएस लोकेट नावाचं फुकट ॲप आहे, ते रेंज नसतानाही नकाशावरचा संदर्भ दाखवतं, निघण्यापूर्वी टाकून घ्या. रेंज कमी असताना कॉल लागत नाही पण मेसेज जाऊ शकतो, त्यासाठी मात्र नंबर आधी नोंदवावा लागतो, ९९९ वर इंग्रजीत रजिस्टर हा शब्द पाठवायचा आणि आलेल्या सूचनेप्रमाणे उत्तर द्यायचं, दोन मिनिटांचं काम आहे, घरीच करून ठेवा. शिट्टीची खूण एका मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून परत. आणि कुठल्या वाटेने जाताय, किती वाजेपर्यंत परत येणार, हे मागे राहिलेल्या कुणाला तरी निघताना मेसेज करून सांगा, परत आल्यावर आलो म्हणूनही कळवा.